एन, एम आणि कार्बनची नळी: वाचकांच्या पत्रांना उत्तरं

गेल्या अंकात मी घरच्या लॅपटॉपवर कार्बन नॅनोट्यूबचं मॉडेल कसं करायचं ते लिहिलं होतं. कार्बनच्या अणूंची षटकोनी जाळी गुंडाळून झालेली, साधारण नॅनोमीटरभर व्यासाची ती नळी सॉफ्टवेअरमध्ये उभी करायची, माउसने फिरवून बघायची, कापायची, जोडायची, असा तो लेख होता. त्यावर भरपूर पत्रं आली, सगळी घेता येणार नाहीत, पण ज्या शंका परत परत आल्यात त्या आज घेते. एक गोष्ट जवळजवळ प्रत्येक पत्रात दिसली, नळी सगळ्यांची तयार होतेय, बटण दाबलं की सेकंदात येतेच ती, पण आलेली नळी बरोबर आहे का हे कसं ओळखायचं ते कळत नाहीये. म्हणून उत्तरं देताना मी तोच धागा धरलाय.

ताई नमस्कार, मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. सॉफ्टवेअर उघडलं की पहिल्यांदा एन आणि एम विचारतं. मी १० आणि १० टाकलं कारण मॅमनी तसंच टाकलं होतं. नळी आली, दिसतेय पण छान. पण हे दोन आकडे नक्की आहेत काय? नेटवर वाचायला गेलं की लगेच व्हेक्टर सुरू होतात आणि माझा गोंधळ होतो. (एक विद्यार्थिनी, सांगली)

अगं, व्हेक्टर हा शब्द जरा बाजूला ठेव आणि आधी कागद घे. षटकोनी जाळी प्रिंट करून घे, शक्यतो झेरॉक्सवाल्याकडे मिळते त्या पारदर्शक ओएचपी शीटवर, कारण गुंडाळल्यावर मागची जाळी पुढून दिसली पाहिजे. काही जण कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी घ्या म्हणतात, मी ती पण वापरून बघितलीये, पण तिचे षटकोन ताणलेले असतात, सगळ्या बाजू सारख्या नसतात, त्यामुळे वळताना दिशा चुकते. शीटच बरी.

आता कुठल्याही एका षटकोनात शून्य लिही. तिथून सरळ रेषेत, बाजूला बाजू लागून असलेल्या घरांमधून ६ घरं पुढे जा. तिथे डावीकडे ६० अंशांत वळ आणि आणखी ३ घरं जा. तिथे फुली मार. आता शीट अशी गुंडाळ की फुलीचं घर बरोब्बर शून्याच्या घरावर बसेल, आणि चिकटपट्टी लाव. ही झाली तुझी (६,३) नॅनोट्यूब. सरळ चाललीस ती घरं म्हणजे एन, वळून चाललीस ती म्हणजे एम, बस्स, इतकंच आहे ते. वळलीच नाहीस तर (६,०), नळीची कड करवतीच्या दात्यांसारखी दिसते म्हणून तिला झिगझॅग म्हणतात. दोन्हीकडे सारखीच घरं चाललीस तर आर्मचेअर, तुझी (१०,१०) त्यातलीच. आणि बाकी सगळ्या कायरल, त्यांच्यात षटकोनांची रांग नळीभोवती गोल जिन्यासारखी चढत जाते. (६,३) आणि (३,६) मध्ये फरक इतकाच की एकीचा जिना उजवीकडून चढतो, दुसरीचा डावीकडून, आरशातल्या प्रतिमेसारखा.

आता मॉडेल तपासायचं कसं ते सांगते. शेजारशेजारच्या दोन घरांच्या मध्यांमधलं अंतर ०.२४६ नॅनोमीटर असतं, कार्बन-कार्बन बंध ०.१४२ चा. त्यावरून व्यास काढायचा. एनचा वर्ग, एम गुणिले एन आणि एमचा वर्ग, तिन्हींची बेरीज कर, वर्गमूळ काढ, त्याला ०.०७८३ ने गुण, उत्तर नॅनोमीटरमध्ये येतं. तुझ्या नळीसाठी १०० + १०० + १०० म्हणजे ३००, वर्गमूळ १७.३२, आणि व्यास १.३५६ नॅनोमीटर. आता सॉफ्टवेअरमधलं अंतर मोजायचं टूल घे, नळीला टोकाकडून बघ, बरोब्बर समोरासमोरच्या दोन अणूंवर क्लिक कर. १३.५६ अँगस्ट्रॉमच्या आसपास आकडा आला की नळी बरोबर आहे. (१० अँगस्ट्रॉम म्हणजे १ नॅनोमीटर, हे डोक्यात पक्कं ठेव, बऱ्याच जणांची नळी दहापट लहान नाहीतर दहापट मोठी येते ती इथेच.)

आणि अजून एक, जे मला आजही भारी वाटतं. एनमधून एम वजा कर आणि ३ ने भाग जातो का बघ. भाग गेला तर नळी धातूसारखी वीज वाहून नेते, नाही गेला तर ती सेमीकंडक्टर, म्हणजे अर्धवाहक. (१०,१०) ची वजाबाकी शून्य, म्हणजे धातू. (१०,०) ची १०, म्हणजे सेमीकंडक्टर. ((९,०) सारख्या नळ्या नियमाने धातू, पण गोलाईमुळे त्यांच्यात इलेक्ट्रॉनना ओलांडावी लागणारी अगदी बारीकशी ऊर्जेची गॅप राहते, आर्मचेअरमध्ये ती पण नाही.) तोच कार्बन, तेच षटकोन, फक्त गुंडाळायची दिशा बदलली. १९९२ मध्ये हे आधी कागदावर गणिताने सांगितलं गेलं आणि १९९८ मध्ये डेल्फ्ट आणि हार्वर्डच्या गटांनी एकेका नळीवर सूक्ष्मदर्शकाची सुई नेऊन खरंच तसं आहे हे दाखवलं. तू (६,३) चिकटवलीस ना, तिची वजाबाकी करून बघ.

मॅडम, मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका शाळेत विज्ञान शिकवतो. कॉम्प्युटर जुने आहेत, ४ जीबी रॅम, नेट कधी असतं कधी नसतं. मुलांना हे दाखवता येईल का? कोणतं सॉफ्टवेअर घेऊ? (एक शिक्षक)

सर, नक्की दाखवता येईल. ॲव्होगाड्रो घ्या, फुकट आहे, ओपन सोर्स आहे, आणि एकदा इन्स्टॉल केलं की नेट लागत नाही. त्याच्या १.२ आवृत्तीत बिल्ड मेनूमध्ये नॅनोट्यूब बिल्डर मिळेल, त्यात एन, एम आणि लांबी टाकायची, लांबी कुठल्या एककात ते बाजूला निवडायचं. दुहेरी बंध शोधण्याचा पर्याय दिसेल, त्यावरची टिक मात्र काढून टाका, शेकडो अणूंमध्ये एकेरी कुठे दुहेरी कुठे हे ठरवत बसलं की जुनं मशीन अडकतं आणि मुलांना वाटतं कॉम्प्युटर हँग झाला. टोकांना हायड्रोजन लावायचा पर्याय चालू ठेवा, म्हणजे टोकाच्या कार्बनचे बंध मोकळे राहत नाहीत.

(५,५) ची ३ नॅनोमीटरची नळी करा. तिच्यात दर ०.२४६ नॅनोमीटरला २० अणू येतात, तसे १२ तुकडे म्हणजे २४० कार्बन, आणि दोन्ही टोकांना १०-१० हायड्रोजन, एकूण २६०. तुमच्या मशीनला हे सहज झेपेल. मुलांना आधी वहीत हा हिशोब करायला सांगा आणि मगच स्क्रीनवरचा आकडा दाखवा, माझा अनुभव आहे की आकडा जुळला की वर्ग एकदम जागा होतो.

बाकीची नावंही लोकांनी विचारलीत म्हणून सांगते. व्हीएमडी हे अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाचं, नोंदणी करून फुकट मिळतं, त्यातही नॅनोट्यूब बिल्डर आहे, पण ते सिम्युलेशन, म्हणजे कॉम्प्युटरवर चालवलेली अणूंची हालचाल, बघायला जास्त चांगलं, हाताने अणू जोडायला नाही. सॅमसन हे फ्रान्समध्ये ग्रेनोबलच्या इन्रिया संस्थेत सुरू झालेलं, अणू ओढला की बाकीची रचना लगेच हलते असा त्याचा इंटरॅक्टिव्ह बाज आहे, पण त्याला बरं मशीन हवं. आणि पायथनमध्ये प्रोग्रॅमिंग येत असेल तर एएसई नावाची लायब्ररी, तिच्यात नॅनोट्यूब एका ओळीत होते. शाळेसाठी ॲव्होगाड्रोच.

ताई, एम.एस्सी. फिजिक्स करतोय. (१०,१०) ची ५ नॅनोमीटरची नळी बनवली, पिरिऑडिक बॉक्समध्ये ठेवली, लॅम्प्समध्ये (सिम्युलेशनचं सॉफ्टवेअर) रन केली. पहिल्या काही स्टेपमध्येच एनर्जी प्रचंड वाढते आणि लॉस्ट ॲटम्सचा एरर येतो. पोटेन्शियल बदलून पाहिलं, टाइमस्टेप कमी केला, काही फरक नाही. चार दिवस गेले यात. (नागपूर)

तू पाठवलेली फाइल मी उघडून पाहिली आणि मला माझं एम.एस्सी.चं वर्ष आठवलं, कारण हीच चूक मी केली होती आणि माझा आठवडा गेला होता, शेवटी एका सिनियरने कागदावर दोन रेघा मारून दाखवलं तेव्हा उजेड पडला. पोटेन्शियलचा (अणू एकमेकांना किती ओढतात-ढकलतात त्याचं सूत्र) दोष नाहीये, टाइमस्टेपचाही (दोन हिशोबांमधला वेळ) नाही, तुझ्या बॉक्सची लांबी चुकलीये.

नीट बघ. (१०,१०) मध्ये अणू एकावर एक थरांमध्ये बसलेले असतात, एका थरात २० अणू, दोन थरांमधलं अंतर ०.१२३ नॅनोमीटर. दोन थर मिळून एक युनिट सेल, म्हणजे परत परत येणारा सगळ्यात लहान तुकडा, ४० अणू, लांबी ०.२४६. आता ५ नॅनोमीटरला ०.२४६ ने भागलं तर २०.३ येतात, पूर्ण आकडा नाही. बिल्डरने तुला २० सेल दिलेत, ८०० अणू, ते बरोबर आहे. पण बॉक्स किती ठेवलास? तू पहिल्या अणूपासून शेवटच्या अणूपर्यंत मोजलंस, ४.७९७ आलं, आणि तेच बॉक्समध्ये टाकलंस. आता पिरिऑडिक म्हणजे काय, बॉक्सच्या वरच्या टोकाला खालचं टोक येऊन चिकटतं. तुझ्या बॉक्समध्ये शेवटचा थर आणि पहिल्या थराची प्रतिमा एकाच पातळीवर आली, म्हणजे एका थराच्या जागेत ४० अणू कोंबलेत, आणि ते एकमेकांना जिवाच्या आकांताने ढकलतायत. एनर्जी वाढणारच, अणू बॉक्सबाहेर उडणारच.

बॉक्स २० गुणिले ०.२४६ म्हणजे ४.९२ नॅनोमीटर ठेव. शेवटच्या थरानंतर पुढच्या थराला जी ०.१२३ ची जागा लागते ती मोकळी सोडायची असते, मापात ती दिसत नाही म्हणून आपण विसरतो. तू ५.० ठेवला असतास तर उलटं झालं असतं, शिवणीच्या जागी बंध ताणले गेले असते, आणि ते जास्त वाईट, कारण तेव्हा एररही येत नाही, रन होतो आणि आकडे चुकीचे मिळतात. आणि हो, पिरिऑडिक नळीला टोकांवर हायड्रोजन लावायचे नाहीत, टोकच नाहीये तिला. टोकं उघडी असलेली नळी हवी असेल तर मग हायड्रोजन लाव, (१०,१०) ला प्रत्येक टोकाला २०.

आजूबाजूला पण बघ. एकटी नळी अभ्यासायची असेल तर आडवा बॉक्स मोठा घे, शेजारच्या प्रतिमेपासून निदान नॅनोमीटरभर तरी लांब. नळ्यांचा जुडगा करायचा असेल तर भिंत ते भिंत अंतर ०.३४ च्या आसपास, म्हणून (१०,१०) च्या जुडग्यात मध्य ते मध्य साधारण १.७ नॅनोमीटर येतं.

कायरल नळी घेतलीस तर हे प्रकरण आणखी वाढतं. (६,५) चा व्यास फक्त ०.७४७ नॅनोमीटर, (१०,१०) च्या अर्ध्याहून थोडाच जास्त, पण तिचा एक युनिट सेल ३६४ अणूंचा आणि ४ नॅनोमीटरहून थोडा लांब, कारण जिना फिरून फिरून तितकं चढल्यावरच सुरुवातीच्या रांगेत येतो. म्हणजे (६,५) ची पिरिऑडिक नळी हवी तर लांबी ४.०७ किंवा ८.१४ अशीच, मधलं काही चालत नाही. आणि मायक्रॉनभर (मिलिमीटरचा हजारावा भाग) लांब नळी करायच्या फंदात सध्या पडू नकोस, (१०,१०) ची एक मायक्रॉन म्हणजे १ लाख ६२ हजारांच्या वर अणू, आणि अणूंच्या जागा साठवणाऱ्या पीडीबी फाइलमध्ये अणूच्या नंबरला पाचच रकाने असतात, ९९,९९९ च्या पुढे ती फाइल गोंधळ घालते.

मॅडम, सप्रेम नमस्कार. मी निवृत्त इंजिनिअर, वय ७१. नातवाबरोबर ॲव्होगाड्रोवर नळी बनवली. आमचा प्रश्न असा की खऱ्या नळीची टोकं बंद असतात असं वाचलं, मग सॉफ्टवेअर ती उघडीच का देतं? बंद करायची कशी? (डोंबिवली)

काका, नमस्कार, आणि नातवालाही. बिल्डर फक्त गुंडाळतो, झाकण त्याच्या कामात नाही, ते आपल्याला हाताने करावं लागतं आणि खरी मजा तिथेच आहे.

नुसत्या षटकोनांनी टोक कधीच बंद होत नाही. षटकोनांची जाळी सपाट राहते किंवा नळी होते, पण घुमट होत नाही, घुमटाला पंचकोन लागतात. एका टोकाला बरोब्बर ६, दोन्ही मिळून १२. घरात काळा-पांढरा फुटबॉल असेल तर नातवाला त्याचे काळे तुकडे मोजायला सांगा, १२ च भरतील, आणि तोच फुटबॉल म्हणजे सी-६०, ६० कार्बन अणूंचा रेणू, ज्याच्यासाठी क्रोटो, कर्ल आणि स्मॉली यांना १९९६ चं नोबेल मिळालं, शोध १९८५ चा.

(५,५) नळी घ्या कारण तिच्यावर अर्धा सी-६० अगदी मापात बसतो. सी-६० ला एका पंचकोनाच्या डोक्यावरून बघा, अणू थरांमध्ये दिसतील, ५, ५, १०, १०, मग परत १०, १०, ५, ५. मधोमध कापा, ३० अणूंची वाटी हातात येते, आणि तिच्या कडेला १० अणू असतात, (५,५) च्या थरातही १० च. मग वाटी नळीच्या टोकाशी आणा, कडेचे हायड्रोजन पुसा, एकेक बंध जोडा, आणि ऑप्टिमाइझ करा, म्हणजे सॉफ्टवेअरला अणू योग्य जागी सरकवू द्या. बसत नसेल तर वाटी ३६ अंशांत फिरवा, नव्वद टक्के वेळा अडचण तीच असते. म्हणूनच दोन वाट्यांच्या मध्ये १० अणूंचा एकच थर घातला की सी-७० होतो आणि त्यात एक वाटी सी-६० मधल्या जागेपासून ३६ अंशांत फिरलेली असते.

तपासायला सोपं आहे, बंद (५,५) नळीचे एकूण अणू नेहमी ६० अधिक १० च्या पटीत येतात. १३७ किंवा १४३ आले तर कुठेतरी एखादा अणू सुटलाय नाहीतर एकावर एक बसलाय, आणि एकावर एक बसलेला डोळ्यांना दिसत नाही, म्हणून मोजायचंच.

ताई, माझा मुलगा म्हणतो देवघरातल्या कापरापासून पण नॅनोट्यूब होतात. खरं का? (कोल्हापूर)

खरं आहे, आणि हे काम आपल्या मुंबईतच झालंय. आयआयटी मुंबईत प्रा. महेश्वर शेरॉन आणि त्यांचे विद्यार्थी मुकुल कुमार यांनी कापरापासून कार्बन नॅनोट्यूब बनवल्या, पुढे मुकुल कुमार जपानमध्ये नागोयाच्या मेइजो विद्यापीठात योशिनोरी आंदो यांच्याबरोबर त्यावर काम करत राहिले. कापराची वाफ शेकडो अंश तापवलेल्या भट्टीतल्या नळीतून सोडायची, सोबत फेरोसीन हे लोखंड असलेलं संयुग, त्यातल्या लोखंडाचे बारीक कण उत्प्रेरक म्हणून काम करतात आणि त्यांच्यावर नळ्या वाढतात. कापराच्या एका रेणूत १० कार्बन, १६ हायड्रोजन आणि १ ऑक्सिजन, म्हणजे कार्बन भरपूर, आणि झाडापासून मिळणारा. आरतीच्या तबकात मात्र ही भट्टी नसते हं, आणि ते लोखंडही नसतं.

मुलाला मॉडेल करायचं असेल तर भट्टीतून बऱ्याचदा येते तशी नळीत नळी करू दे. १९९१ मध्ये सुमियो इजिमांनी जपानमधल्या एनईसीच्या प्रयोगशाळेत ज्या पाहिल्या त्या अशाच एकात एक होत्या. (अशा पोकळ कार्बन नळ्यांचे फोटो १९५२ मध्ये सोव्हिएत शास्त्रज्ञ रादुश्केविच आणि लुक्यानोविच यांनी छापले होते, रशियन भाषेत, ते फार कुणी वाचले नाहीत, याची मला नेहमी हळहळ वाटते.) आधी (५,५) करायची, मग (१०,१०), आणि दोघींचा मध्य एकाच जागी आणायचा. व्यास ०.६७८ आणि १.३५६, म्हणजे दोन भिंतींमधली फट ०.३३९ नॅनोमीटर, आणि ग्राफाइटच्या थरांमधलं अंतर ०.३३५ च्या आसपास. इतकं छान जमतं ते, आणि दोघींची युनिट सेल पण एकाच लांबीची.

आकाशात जाणारी लिफ्ट या नळ्यांच्या दोरीवर खरंच होईल का? (अकरावी, नाशिक)

इतक्यात तरी नाही. २००० मध्ये अनेक भिंतींच्या नळ्या ओढून तोडण्याचा प्रयोग झाला, बाहेरच्या भिंतीची ताकद ११ ते ६३ गिगापास्कल भरली, पोलादाच्या तारेपेक्षा कितीतरी जास्त. पण त्या मायक्रॉनच्या मापातल्या नळ्या होत्या, हजारो किलोमीटरची दोरी करायची तर नळ्या एकमेकींवरून घसरतात आणि एखादा दोष असला की तिथूनच तुटते. दोष कसा असतो तो बघायचाय तर (१०,१०) मध्ये शेजारचे दोन अणू निवड, त्यांच्या मधोमध धरून ९० अंशांत फिरव, शेजारच्या चारपैकी दोन बंधांची अदलाबदल कर. चार षटकोनांचे दोन पंचकोन आणि दोन सप्तकोन होतील. याला स्टोन-वेल्स दोष म्हणतात. अणू एकही कमी झाला नाही, तरी जागा कमकुवत झाली.

ताई, मी मूळची साताऱ्याची, सध्या ह्यूस्टनला पीएच.डी. करतेय. दोन वेगवेगळ्या (एन, एम) च्या नळ्या जोडायच्या आहेत, एका बाजूला सेमीकंडक्टर, दुसऱ्या बाजूला धातू. कुठलाच बिल्डर हे करत नाही. हाताने शक्य आहे का?

शक्य आहे, आणि ह्यूस्टनमध्येच आहेस तर स्मॉलींचं राईस विद्यापीठ तुझ्या शेजारीच की. सुरुवात (८,०) आणि (७,१) या जोडीने कर, १९९६ मध्ये शास्त्रज्ञ लिओनोर चिको आणि त्यांच्या बर्कलीच्या सहकाऱ्यांनी याच जोडीवर गणित केलं होतं. ८ ला ३ ने भाग जात नाही म्हणून ती सेमीकंडक्टर, ७ वजा १ म्हणजे ६, भाग जातो, म्हणून ती धातू. व्यास जवळजवळ सारखेच, ०.६२६ आणि ०.५९१.

दोन्ही वेगळ्या कर, हायड्रोजन न लावता, अक्ष एका रेषेत आण, टोकं एकमेकांपासून दीड-दोन अँगस्ट्रॉमवर ठेव आणि एकेक बंध जोडत शिवायला लाग, कापडाचे दोन तुकडे शिवतो तसंच. बहुतेक जागी षटकोन आपोआप जुळतात. एकाच ठिकाणी एक पंचकोन आणि त्याला लागून एक सप्तकोन ठेवायचा, या जोडीमुळेच (८,०) ची (७,१) होते. सगळं शिवून झालं की ऑप्टिमाइझ करायच्या आधी, आधी म्हणतेय मी, शिवणीभोवती अणूंची सगळी कडी (पंचकोन, षटकोन, सप्तकोन) मोज. एक पाचाचं, एक सातचं, बाकी सगळी सहाची. दोन पंचकोन दिसले किंवा आठचं कडं दिसलं तर तिथेच उसव. कारण ऑप्टिमायझर काहीही गोंजारून गुळगुळीत करतो, चुकीची शिवण पण छान दिसायला लागते आणि मग ती सापडत नाही. प्रत्येक कार्बनला तीनच शेजारी आहेत ना तेही बघ. आणि फाइल एक्सवायझेडमध्ये सेव्ह करू नकोस, त्या फाइलमध्ये बंध लिहिलेलेच नसतात, पुन्हा उघडली की सॉफ्टवेअर नुसत्या अंतरावरून अंदाजाने बंध जोडतं आणि तुझी तासाभराची शिवण बदलून जाऊ शकते.

ताई, नळी पाण्यात ठेवली तर पाणी आत जाईल का? कार्बनला तर पाणी आवडत नाही ना, मग? (बारावी, लातूर)

आधी सगळ्यांना असंच वाटायचं. २००१ मध्ये हमर, रसय्या आणि नोवोरिटा या शास्त्रज्ञांनी कॉम्प्युटरवर (६,६) ची एक आखूड नळी पाण्यात ठेवून बघितली, १३.४ अँगस्ट्रॉम लांब, ८.१ रुंद, १४४ कार्बन. पाणी आत गेलं, लगेच गेलं, आणि नळी पूर्ण ६६ नॅनोसेकंद भरलेली राहिली. आत साधारण पाच रेणू, एकामागे एक, रेशनच्या रांगेसारखे, प्रत्येकाचा हात पुढच्याच्या खांद्यावर, हायड्रोजन बंधांनी धरलेले.

हे मॉडेल तूही करू शकतोस. (६,६) च्या एका युनिट सेलमध्ये २४ अणू, ६ सेल घे, १४४ भरले पाहिजेत. ते १२-१२ अणूंचे १२ थर असतात, त्यांच्यामध्ये ११ फटी, प्रत्येक १.२३ अँगस्ट्रॉमची, म्हणजे साडेतेरा, त्यांच्या १३.४ च्या अगदी जवळ. व्यास ०.०७८३ च्या सूत्राने काढ, ०.८१ येतो का बघ. पण ०.८१ ही अणूंच्या केंद्रांमधली रुंदी झाली, अणूंना स्वतःची जाडी असते, दोन्ही बाजूंची मिळून ०.३४ वजा कर, उरली ०.४७, आणि पाण्याचा रेणू ०.२८ च्या आसपास. एकच मावतो, दोन शेजारी शेजारी मावत नाहीत, म्हणून रांग. (५,५) करून बघ, किती अरुंद होते ते तुलाच काढता येईल.

आता तुझा खरा प्रश्न, कार्बनला पाणी आवडत नाही मग कसं. त्याच अभ्यासात त्यांनी कार्बन आणि पाण्यामधलं आकर्षण जरासं कमी करून पाहिलं, तर नळी कधी भरायची, कधी अचानक रिकामी व्हायची. म्हणजे आवड आहे, थोडीशी आहे, आणि ती अगदी काठावरची आहे. म्हणून सिम्युलेशन करशील तेव्हा कार्बन-ऑक्सिजनचे आकडे कुठून घेतलेस ते वहीत लिहून ठेव. व्हीएमडीमध्ये नळी अर्धपारदर्शक कर, पाण्याचे फक्त नळीतलेच रेणू दाखवायला सांग, आणि वेग कमी करून बघ, एका टोकाने एक रेणू आत येतो तेव्हा दुसऱ्या टोकाने एक बाहेर पडताना दिसतो.